केसपेपर ते आभा

घाटकोपरचं राजावाडी असो की विलेपार्ल्याचं कूपर, आधी खिडकीवर केसपेपर काढायचा, मग डॉक्टर. घडीवर विरलेला तो कागद, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी जपायचे, ही उपनगरांतली जुनी रीत. उपचार रुग्णालयाचे, दप्तर पेशंटचं!

संगणकावरच्या नोंदींचं काम अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने 1972मध्येच हाती घेतलं होतं. तिथल्या रुग्णालयांना खरी घाई सुटली ती 2009च्या हायटेक कायद्याने सरकारी पैसा देऊ केल्यावर. ब्रिटनने 2002मध्ये देशव्यापी योजना आखली, अब्जावधी पौंड ओतले आणि 2011मध्ये ती गुंडाळली.

आपल्याकडेही ठेच लागलीच. जे. जे.सह राज्याच्या सरकारी रुग्णालयांतली रुग्णनोंदींची संगणकीय एचएमआयएस प्रणाली कंत्राट संपल्यावर जुलै 2022मध्ये बंद पडली आणि डॉक्टर पुन्हा हाताने लिहू लागले. कागद निदान कंत्राट संपलं म्हणून कोरा होत नाही.

त्याआधी, 27 सप्टेंबर 2021ला, आरोग्यनोंदी डिजिटल स्वरूपात जोडणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं होतं. पण बोरिवली-मुलुंडच्या गल्ल्यांतले एकट्या डॉक्टरचे दवाखाने त्यात कसे आणायचे? त्यासाठीचा ‘मायक्रोसाइट’ प्रयोग आधी मुंबई, अहमदाबाद आणि सुरतेत झाला. या मिशनमधला आभा हा पेशंटचा 14 अंकी आरोग्य-खाते क्रमांक; तो काढणं ऐच्छिक आहे. नोंदी कुणाला दाखवायच्या, याची संमती पेशंटनेच द्यायची असते.