जुन्या मोटरहोमची पाण्याची टाकी गळतेय? आधी हे तपासा

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. जर्मनीत नोकरीला असताना मी एक जुनी मोटरहोम घेतली आणि पहिल्याच ट्रिपला टाकीखाली पाणी! दुर्लक्ष केलं तर लाकडी फ्लोअर कुजतो. पण लगेच टाकी फुटली असं समजू नका. कोडमधला बग शोधतो तसं एकेक भाग तपासत जा.

१. पंप बंद करा, टाकी भरा. सगळे जोड पुसून खाली टिशू पेपर ठेवा.
२. पंप बंद असतानाच टिशू ओला झाला? दोष टाकीत, ड्रेन व्हॉल्व्हमध्ये किंवा पंपाच्या अलीकडच्या पाइपमध्ये आहे.
३. पंप सुरू केल्यावरच ओला झाला? पंप आणि त्याच्या पुढचे जोड बघा.
४. पाणी ठरावीक पातळीला येऊन थांबतं? गळती त्याच उंचीवर शोधा.
५. डोकं जात नाही तिथे मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा.

माझ्याकडे ड्रेन व्हॉल्व्हचा रबर वॉशर कडक झाला होता. तो बदलला, गळती थांबली.

टाकीलाच तडा असेल तर साधा गोंद वापरू नका. बऱ्याच टाक्या पॉलिथिलीनच्या असतात, त्यावर तो धरत नाही. प्लॅस्टिक वेल्डिंग करून घ्या, नाहीतर टाकी बदला.