चोथ्यातून निघालेला प्रतिरोध

१/ १९४८. न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळा. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड कोंबड्यांच्या खाद्यासाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. याच संस्थेत ऑरिओमायसिन हे नवे प्रतिजैविक तयार होत असे. औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला. पिल्ले अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढली.

२/ (जाता जाता : ऑरिओमायसिन हाती आले तेव्हा तेथील संशोधनाची धुरा भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. कोंबड्यांच्या या प्रकरणाची परिणती पाहण्यास मात्र ते राहिले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्येच त्यांचे निधन झाले.)

३/ ही वाढ केवळ जीवनसत्त्वाने नव्हे, तर चोथ्यात उरलेल्या औषधाच्या अंशाने होते, हे १९५० मध्ये जाहीर झाले. पाहता पाहता कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळली जाऊ लागली. घोटाळा मात्रेत होता. आजारी जनावराला पूर्ण मात्रा देणे वेगळे आणि निरोगी कळपाला रोज चिमूटभर चारणे वेगळे. एवढ्याशा औषधाने दुबळे जीवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि आतड्यात त्यांचेच राज्य होते. कत्तलीच्या वेळी आतड्यातील मळ मांसाला लागला की ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतात. शिजवल्याने ते मरतात हे खरे, पण कच्चे मांस चिरलेल्या पाटावरच कांदा-कोथिंबीर चिरली तर काय?

४/ ब्रिटनमध्ये मायकेल स्वान यांच्या समितीने १९६९ मध्ये स्पष्ट सांगितले : माणसांच्या उपचारासाठी लागणारी पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन यांसारखी औषधे केवळ वाढीसाठी जनावरांना चारू नयेत. अमेरिकेतील उद्योगाचे उत्तर ठरलेले होते : पुरावा कुठे आहे?

५/ तो पुरावा मिळाला उद्योगाच्याच पैशाने! पशुऔषध उत्पादकांच्या संघटनेने स्टुअर्ट लेव्ही यांना अर्थसाहाय्य दिले. बोस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी सुमारे ३०० पिल्ले आणली. निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन, निम्म्यांच्या खाद्यात काहीच नाही.

६/ आठवडाभरातच औषध खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यांत जवळपास सारे जीवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. काही महिन्यांत शेतावरच्या कुटुंबाच्या विष्ठेतही असे जीवाणू शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळू लागले. याहून गंभीर बाब पुढेच आहे : दिले होते एकच औषध, पण हे जीवाणू इतरही अनेक औषधांना जुमानत नव्हते.

७/ कारण प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा एकाच फिरत्या डीएनए-तुकड्यावर, म्हणजे प्लाझ्मिडवर, एकत्र बसलेली असतात. एक औषध वापरले की साऱ्या गठ्ठ्याचीच निवड होते. असा प्रतिरोध एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हे जपानी संशोधकांनी १९५९ मध्येच दाखवले होते. लेव्हींनी दाखवले, ते कोंबडी आणि माणूस यांच्यामधले अंतर किती थोडे आहे ते.

८/ निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यातील पेनिसिलिन व टेट्रासायक्लिनचा असा वापर थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसने आणखी संशोधन मागितले आणि प्रस्ताव फायलीत पडून राहिला. तब्बल ३४ वर्षांनी, २०११ मध्ये, तो मागे घेण्यात आला. माझ्या मते इतका सुबक पुरावा आणि इतकी दीर्घ टाळाटाळ एकत्र क्वचितच सापडेल.

९/ युरोपीय संघाने वाढीसाठीचा प्रतिजैविकांचा वापर १ जानेवारी २००६ पासून पूर्णतः बंद केला. अमेरिकेत माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांपुरता तो २०१७ मध्ये थांबला. रोग होऊ नये म्हणून, पशुवैद्याच्या चिठ्ठीवर, निरोगी कळपालाही तीच औषधे देण्याची मुभा मात्र तेथे राहिली.