मेनूमध्ये बसवलेलं वचन

आजचा विषय कचेरीतल्या सॉफ्टवेअरचा आहे. तत्त्वज्ञानवाल्यांना त्याचं काय, असं काहींना वाटेल. पण कामाच्या स्क्रीनवर माणसाला कुठले पर्याय द्यायचे, या प्रश्नाचं उत्तर एकदा थेट भाषेच्या तत्त्वज्ञानातून काढलं गेलं होतं.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला जी व्याख्यानं दिली, ती १९६२ मध्ये, त्यांच्या पश्चात, पुस्तकरूपाने आली. म्हणणं असं, की बोलणं ही कृती असते. ‘उद्या पैसे देतो’ असं म्हणताना आपण बातमी देत नाही, शब्द देतो. पुढे जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये या वाक्-कृतींची काटेकोर मांडणी केली. सर्ल बर्कलीला शिकवत, हे लक्षात ठेवा.

याच बर्कलीत फर्नांडो फ्लोरेस येऊन दाखल झाले. हे गृहस्थ चिलीमध्ये आयेंदे यांच्या सरकारात मंत्री होते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्यांनी तीन वर्षं तुरुंगात काढली, मग अमेरिका गाठून डॉक्टरेट केली. (मंत्रिपद, तुरुंग आणि मग पीएच.डी., हा क्रम आपल्याकडे सहसा दिसत नाही!) कंपनी म्हणजे काय, तर माणसांनी एकमेकांना केलेल्या विनंत्या आणि दिलेल्या वचनांचं जाळं, हा त्यांचा सिद्धान्त. स्टॅनफर्डचे संगणकतज्ज्ञ टेरी विनोग्राड यांच्यासोबत त्यांनी १९८६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच दशकात ‘कोऑर्डिनेटर’ नावाचं सॉफ्टवेअरही आणलं.

ते चालायचं कसं? साध्या ईमेलमध्ये आपण सरळ लिहायला लागतो. इथे आधी सांगावं लागे, की ही विनंती आहे की देकार. विनंती मिळालेल्या माणसापुढे पर्याय येत: वचन देतो, नाही म्हणतो, दुसरा प्रस्ताव ठेवतो. काम झालं की तसं कळवायचं. तरीही विषय मिटत नसे. ज्याने काम सांगितलं त्याने ‘माझं समाधान झालं’ असं म्हटलं, की मगच वर्तुळ पूर्ण. मोकळं लिहायची सोय होती, नाही असं नाही, पण सगळा रोख या वर्तुळावर.

आता आपल्या कचेरीतला एक शब्द घ्या: ‘बघतो’. हे वचन की नकार? दोन्ही आणि दोन्ही नाही. साहेबाने अशक्य काम सांगितलं, तर कारकून ‘बघतो साहेब’ म्हणतो आणि स्वतःला थोडी जागा ठेवतो. त्या मेनूमध्ये ‘बघतो’ बसवायचा कुठे?

झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातल्या मानववंशशास्त्रज्ञ लूसी सुचमन यांनी १९९४ साली नेमका असा आक्षेप घेतला. माणसाने आपल्या बोलण्याला आधीच ठरलेलं लेबल लावायचं, हे त्यांच्या मते तटस्थ तंत्र नव्हे. ती शिस्त आहे, नियंत्रण आहे. विनोग्राड यांनी उत्तर दिलं, की मोठ्या, विखुरलेल्या संस्थेत काही ठरीव चौकट लागतेच.

आम्हांला सुचमनबाईंचं बरंचसं पटतं. पण ‘बघतो’ वरून खालीही येतो. पेन्शनच्या कागदासाठी चौथ्यांदा आलेल्या म्हाताऱ्याला खिडकीतून ‘बघतो’ ऐकू येतं, तेव्हा ती संदिग्धता कुणाच्या फायद्याची? त्याला तर ‘वचन’ किंवा ‘नकार’ असं एक बटण हवंच असतं. तेव्हा चौकट असावी की नसावी, एवढ्यावर वाद संपत नाही. ती कुणी आखली, हे विचारायला हवं.

आणि हे विचारणारे लोक त्या आधीच होऊन गेले होते. नॉर्वेचे क्रिस्टन नीगार्ड, ज्यांनी ओले-योहान डाल यांच्यासह ‘सिम्युला’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली, ते १९७० च्या सुमारास लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर कामाला लागले. यंत्र येतंय, तर कामगाराला त्यातलं कळलं पाहिजे आणि त्याचं म्हणणं चाललं पाहिजे, ही भूमिका.

त्यातूनच १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ प्रकल्प उभा राहिला. स्वीडन-डेन्मार्कचे संशोधक आणि छपाई कामगारांच्या नॉर्डिक युनियन त्यात एकत्र होत्या. वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्यांसाठी संगणकाची साधनं कशी हवीत, हा प्रश्न. त्यातले पेले एन हे विटगेनश्टाइनचे वाचक; कारागीर आणि संशोधक यांचे ‘भाषेचे खेळ’ वेगळे, हे ते ओळखून होते. नुसते आराखडे काढून कारागिरांपुढे ठेवले, तर बोलणं पुढे सरकेना. मग त्यांनी पुठ्ठा, कागद, प्लायवूड यांची खोटी यंत्रं केली आणि कारागिरांना त्यांच्यापुढे बसवून, पान लावून दाखवा म्हटलं. एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर तर ‘डेस्कटॉप लेझर प्रिंटर’ एवढं लिहिलं होतं. आत काहीच नव्हतं. पण ते टेबलावर ठेवल्यावर हात कुठे पोचतो, पान कुठून कुठे जातं आणि आपल्या कामातलं काय उरतं, यावर पान लावणारा माणूस संशोधकाच्या बरोबरीने बोलू शकत होता.