निवेदकाचा कान

नभोवाणीची थोरवी सांगतांना लोक आवाजाची स्तुति करतात. निवेदकाच्या कानाची वार्ता सहसा कोणी काढीत नाहीं. रंगभूमीवरचा नट विंगेंतल्या प्रॉम्प्टरकडे कान ठेवून वेळ निभावून नेतो. नभोवाणीच्या वक्त्याचा प्रॉम्प्टर मात्र कित्येकदां समुद्रापलीकडे बसलेला असतो. शिवाय वक्त्यासमोर मायक्रोफोन उघडा असतो. तेथें लाउडस्पीकर ठेवला तर त्यांतला ध्वनि मायक्रोफोनमध्यें शिरून पुन्हां बाहेर पडतो आणि क्षणांत कर्कश शीळ सुरू होते. म्हणून इशारा द्यावयाचा तो कानांतच, हें ओघानेंच आलें.

हें साधन नभोवाणीच्या कार्यक्रमांहून जुनें आहे. अमेरिकेंतील यूटा संस्थानच्या नॅथॅनिएल बॉल्डविन यानें १९१० सालीं आपल्या हेडफोनचा नमुना नौदलाकडे पाठविला. पत्र जांभळ्या शाईनें, निळ्या-गुलाबी कागदावर लिहिलेलें. अधिकाऱ्यांस ती थट्टाच वाटली असल्यास नवल नाहीं. पण परीक्षेंत हे हेडफोन सरस ठरले. मागणी आली तेव्हां बॉल्डविननें कळविलें कीं, एका वेळीं दहांहून अधिक होणार नाहींत. कारण ते त्याच्या स्वयंपाकघरांत तयार होत!

या कानाची खरी कसोटी मार्च १९३८ मध्यें लागली. हिटलरच्या सैन्यानें ऑस्ट्रिया गिळला होता. ता. १३ मार्च, रविवार. लंडनमध्यें असलेल्या विल्यम शायररला सीबीएस या अमेरिकन नभोवाणी संस्थेनें न्यूयॉर्कहून फोन केला: रात्रीं एक वाजतां युरोपच्या राजधान्यांतून अर्ध्या तासाचा वृत्तांत हवा. हातांत अवघे आठ तास, आणि सुटीमुळें तंत्रज्ञ जागेवर नाहींत. व्हिएन्नाहून एडवर्ड मरो टेलिफोनवरून मसलतीस होता. लघुलहरींचे प्रक्षेपक मिळविले. कोणी केव्हां सुरू करावयाचें व केव्हां थांबावयाचें, हें घड्याळ लावून ठरलें. अशा योजनेंत एक वक्ता चुकला तर दोघे एकदम बोलणार, अथवा महासागरावर नुसती शांतता पसरणार. रोमच्या वार्ताहराला प्रक्षेपक मिळेना. त्यानें मजकूर टेलिफोनवर सांगितला व तो शायररनें लंडनहून वाचला.

एक वाजला. शायररच्या हेडफोनमध्यें न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ट्राउटचा आवाज आला. तो ऐकूं आला म्हणजे निम्मी लढाई जिंकली. उरलें तें बोलणें. लंडनमागून पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना असा क्रम लागला. जी मालिका पुढें रोजच्या बातम्यांचा पाया झाली, ती अशी कानावर हवाला ठेवून उभी राहिली.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत, म्यूनिकच्या पेंचप्रसंगीं, एच्. व्ही. काल्टेनबॉर्न न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतच खाट टाकून राहिला. हेडफोनवर हिटलरचें जर्मन भाषण ऐकावें आणि लगेच त्याचा आशय इंग्रजींत, टिपणाशिवाय, श्रोत्यांपुढें मांडावा, असा त्याचा क्रम होता. येथें कान केवळ इशारा घेत नव्हता. बातमीच कानावाटे येत होती.

पुढें दूरचित्रवाणी आली आणि डोक्यावरचा हेडफोन कॅमेऱ्यापुढें शोभेना. त्याचें बोंडभर यंत्र होऊन तें कानाच्या भोंकांत दडलें. त्यांतून वक्त्याला चालू कार्यक्रम ऐकूं येतो. संचालकानें बटण दाबलें कीं कार्यक्रमाचा आवाज तुटतो वा मंदावतो व त्याची सूचना कानांत पडते. इकडे मंत्र्याची मुलाखत चालू, तिकडे कानांत "तीस सेकंद" अशी घाई; आणि चेहऱ्यावर रेषाहि हलतां कामा नये! ही कसरत प्रेक्षकांस दिसत नाहीं, हेंच तिचें यश.

पण कानांत काय घालावें याहून काय घालूं नये हा प्रश्न अधिक नाजूक. बर्नार्ड ली यानें १९५० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, माणसाला स्वतःचाच आवाज किंचित् उशिरानें ऐकविला तर तो अडखळूं लागतो. भूस्थिर उपग्रह सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर. तेथवर जाऊन परत खालीं येण्यास ध्वनीच्या संदेशाला पाव सेकंद लागतो. म्हणून दूरच्या वार्ताहराकडे सारा कार्यक्रम पाठवितात, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. हें वगळणें कोणी विसरला, कीं बोलतां बोलतां वार्ताहराची जीभ अडते, आणि तो हळूच हात वर नेऊन कानांतलें यंत्र उपसून काढतो.