पाण्याची जात आणि एकशेआठ पेले

पोलादपूरकडून महाडला येताना सावित्री नदीची सोबत असते. या नदीला कोणी तिची जात विचारीत नाही. महाडच्या चवदार तळ्याला मात्र ती विचारली गेली. तळ्यात गुरेढोरे पाणी पीत होती, परधर्मीयांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्यांना.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले, ते कागदावर. १९ मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा पिण्याचे पाणी स्पृश्यांकडून ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले! दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली.

आपण दरवर्षी २० मार्चला इथवरचा इतिहास आठवतो. पुढचे पान घाईने उलटतो. त्या पानावर माणसे रक्तबंबाळ झाली आणि पाण्याला 'शुद्ध' करण्यात आले. तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसले गेले. शेण, गोमूत्र, दूध, दही मंत्रघोषात पाण्यात सोडले गेले. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

हे उलटलेले पान पुण्याच्या राज्यश्री गुडी या चित्रकर्तीने २०१७ साली पुन्हा उघडले. 'व्हॉट इज द कास्ट ऑफ वॉटर?' म्हणजे 'पाण्याची जात कोणती?' हे तिचे मांडणशिल्प. त्यात १०८ पेले आहेत आणि पेल्यांत पंचगव्य. चित्र नाही, पुतळा नाही, घोषणा नाही. शुद्धीकरणाचे द्रव्य तिने पिण्याच्या भांड्यात आणून ठेवले, एवढेच. पण त्यामुळे प्रश्नाची दिशाच बदलते. आजवर 'तुमच्या स्पर्शाने पाणी कसे बाटले?' याचा जबाब आपणच देत आलो. आता जबाब शुद्धी करणाऱ्याने द्यावयाचा आहे.

आपल्यातले काहीजण विचारतील की शहरी कलादालनातले हे पेले पोलादपूरच्या वाडीवरच्या माणसाला काय देणार? प्रश्न रास्त आहे. इंग्रजी नावाची ही कलाकृती अजून आपल्या वस्तीत आलेली नाही. परंतु कृतीतून बोलण्याची ही रीत परकी नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच, फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवर, सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. चंदनाची लाकडे रचून केलेले ते दहन काय होते? धर्माने विधी करून आपल्याला हीन ठरविले. त्या विधीला आपण विधीनेच उत्तर दिले. गुडीचे पेले त्याच परंपरेतले आहेत.

मला ते पेले ओळखीचे वाटले, त्याला आणखी एक कारण आहे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पहिली नोकरी लागली त्या कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत माझा पेला वेगळा असे. त्यावर नाव नव्हते. कोणी काही बोलत नसे. मीही बोललो नाही. दोन वर्षे त्याच पेल्याने पाणी प्यायलो. वर्गात मात्र महाडचा सत्याग्रह आवेशाने शिकवीत होतो. त्या मौनाची लाज मला आजही वाटते. ती आज लिहून टाकतो, कारण पेले आता स्टीलचे आणि काचेचे झाले, पण त्यांची वाटणी सर्वत्र संपलेली नाही.

तळ्याचा खटला १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपला. मनातला खटला न्यायालयात संपत नसतो.

यंदा त्या मांडणशिल्पाचे छायाचित्र मी वर्गात दाखविले. मागच्या बाकावरून पोलादपूरकडच्या एका मुलीने विचारले, "सर, पंचगव्य घातल्यावर ते पाणी त्यांनी स्वतः प्यायले का?"

इतकी वर्षे मी हा धडा शिकवितो आहे. हा प्रश्न मला सुचला नव्हता.