मिश्रण कोणी ठरवायचं? मोटारसायकलच्या इंधनजुळणीचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं सायलेन्सर आणि एअर फिल्टरवर कशाला बोलावं, असं काहींना वाटेल. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. मोटारसायकलला मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर बसवला की पेट्रोलचं प्रमाणही बदलावं लागतं. किती बदलायचं, हे कोणी ठरवायचं? आणि कशावरून? गेल्या शंभरेक वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली. आज तो प्रवास बघू.

आधी मूळ गोष्ट. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण 'लीन', जास्त झालं तर 'रिच'. आता बघा, इंजिनाकडून पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण थोडं रिच लागतं, म्हणजे किलोला तेरा किलोच्या आसपास हवा. तेव्हा 'योग्य प्रमाण' असं एकच काही नसतं. योग्य कशासाठी, हे आधी विचारावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा निर्णय स्वाराच्या बोटांत होता. कितीतरी गाड्यांच्या हँडलवर दोन दांडे असत, एक थ्रॉटलचा आणि एक हवेचा. चढ लागला, इंजिन तापलं की स्वार हवेचा दांडा सरकवायचा. पुढे कार्बोरेटर सुधारले. १९२७ साली अमॅक, ब्राउन अँड बारलो आणि बिंक्स एकत्र येऊन बर्मिंगहॅमची अमॅल कंपनी झाली, आणि पुढची काही दशकं बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींवर तिचेच कार्बोरेटर दिसले. आता निर्णय जेटमध्ये गेला. जेट म्हणजे मोजून भोक पाडलेला पितळी तुकडा. भोक मोठं, तर पेट्रोल जास्त.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उचललं जातं ते हवेच्या ओढीनं. फिल्टर मोकळा केला की हवा सहज आत येते, जेटवरची ओढ कमी होते, आणि हवा वाढूनही पेट्रोल त्या मानानं उचललं जात नाही. गाडी लीन होते. मग मेकॅनिक मोठा जेट घालायचा, सुई एक खाच वर घ्यायचा, आणि गाडी पळवून स्पार्क प्लग काढून बघायचा. प्लग पांढरट असेल तर लीन, काळा काजळलेला असेल तर रिच, विटकरी-तपकिरी असेल तर जमलं. न्यायदर्शनात डोंगरावरचा धूर बघून अग्नीचं अनुमान करतात ना, तसंच हे अनुमान. मेकॅनिक त्याला अनुमान म्हणत नसे, एवढंच.

मग इंजेक्शन आलं. कावासाकीनं १९८० साली झेड-१००० वर ते दिलं, १९८३ साली बीएमडब्ल्यूची के-१०० आली, १९९५ साली हार्ले-डेव्हिडसननंही एका मॉडेलवर ते आणलं. इथं निर्णय एका तक्त्यात गेला. इतके फेरे, इतका थ्रॉटल, तर इंजेक्टर इतका वेळ उघडा ठेवायचा. बहुतेक मोटारसायकलींत आत येणारी हवा थेट मोजली जात नाही, तिचा अंदाज केला जातो. तो अंदाज बांधलेला असतो कारखान्यातल्या सायलेन्सरवर आणि फिल्टरवर. तुम्ही ते बदललेत, हे तक्त्याला कळायचं कसं?

'ऑक्सिजन सेन्सर आहे, गाडी आपोआप शिकते,' असं दुकानात सांगतात. ते अर्धं खरं आहे. साधा सेन्सर १४.७ च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच सांगतो, आणि शांत चालीत ठरावीक मर्यादेत सुधारणा करतो. थ्रॉटल पूर्ण पिळला की काम पुन्हा तक्त्यावरच चालतं. म्हणून पॉवर कमांडरसारखी उपकरणं आली. ती संगणक आणि इंजेक्टर यांच्या मधे बसून इंजेक्टरची वेळ कमी-जास्त करतात. सोबत डायनो, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणं. कानाची जागा आलेखानं घेतली.

आणि इथंच चौथा निर्णयकर्ता आला, कायदा. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं हार्ले-डेव्हिडसनशी समझोता केला. मुद्दा होता 'सुपर ट्यूनर'चा. २००८ पासून अशी सुमारे ३ लाख ४० हजार उपकरणं विकली गेली आणि त्यांनी प्रदूषण वाढलं, असा सरकारचा आरोप होता. कंपनीचं म्हणणं, ती शर्यतीच्या बंद मैदानासाठी होती. तिनं आरोप मान्य केला नाही, पण १ कोटी २० लाख डॉलर दंड भरायचं आणि विक्री थांबवायचं कबूल केलं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटारसायकली इंजेक्शनवर गेल्या. तेव्हा हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं. मिश्रण फार लीन झालं तर इंजिन तापतं, पिस्टन जाऊ शकतो, आणि ती किंमत मुख्यतः मालक मोजतो. फार रिच ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि ती किंमत मोजतो सिग्नलला मागे उभा असलेला माणूस, त्याला कोणी काही विचारलेलं नसताना. दांडा, जेट, तक्ता ही सगळी साधनं इंजिनासाठी योग्य काय, एवढंच सांगत आली. त्या मागच्या माणसाचा हिशोब त्यांत कुठेच नव्हता. तो कायद्यानं मांडला, थोडा उशिरा आणि थोडा आडमुठेपणानं. पुढच्या वेळी कोणी 'गाडी ट्यून करून घेतली' असं म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: कोणासाठी?