मर्सेनची यादी, कोलचा फळा आणि एक एकवीस अंकी संख्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

दोनच्या ६७व्या घातातून १ वजा केला की ही संख्या मिळते. १६४४ साली फ्रेंच ख्रिस्ती भिक्षू मारँ मर्सेन याने ती मूळ संख्या असल्याचे जाहीर केले. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांपासून अशा मूळ संख्या मिळतात, याची यादीच त्याने ग्रंथात दिली होती. सिद्धता दिली नव्हती. यादीत ६७ होता. ६१, ८९ आणि १०७ हे खरे मानकरी मात्र सुटले होते.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीने ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले. त्याची कसोटी विभाजक शोधतच नाही. ठरावीक नियमाने एक अनुक्रम वाढवत न्यायचा आणि अखेरीस बाकी शून्य उरते का, एवढेच पाहायचे. थोडक्यात, गुन्हा शाबीत झाला, आरोपी बेपत्ता राहिला!

तो सापडला ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधील सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला, न बोलता दोनचा ६७वा घात काढून त्यातून १ वजा केला, आणि बाजूच्या मोकळ्या जागेत १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. दोन्ही उत्तरे जुळली. टाळ्यांच्या कडकडाटात तो तसाच मुकाट्याने जागेवर बसला. यासाठी त्याने तीन वर्षांचे रविवार खर्च केले होते, असे सांगतात.

सांगतात, पण कोण? ही हकिकत प्रसिद्ध केली एरिक टेम्पल बेल याने, १९५१ च्या पुस्तकात. १९०३ मध्ये बेल दूर कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डला शिकत होता. रविवारांची गोष्ट १९११ मध्ये खुद्द कोलकडून ऐकल्याचे तो लिहितो; म्हणजे ऐकणे आणि लिहिणे यांत चाळीस वर्षांचे अंतर. बेल रंगवून लिहिण्यासाठी प्रसिद्ध होता, हेही ध्यानात ठेवावे. हकिकत खोटी ठरत नाही, पण समकालीन साधनाचा दर्जा तिला देता येत नाही.

समकालीन साधन आहे ते कोलचा निबंध, त्याच वर्षी सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापलेला. फळ्यावरच्या मौनाने जे झाकले, ते त्यात उघडे आहे. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक १३४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असावा लागतो. कोलचा लहान विभाजक अशा उमेदवारांच्या रांगेत १४,४५,५८०वा आहे! त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते, या दुसऱ्या अटीने रांग निम्मी होते. तरी सात लाखांहून अधिक उरतातच. हाताने एकेक तपासणे अशक्यप्राय होते. म्हणून कोलने वर्गशेषांच्या आधारे शक्यता गाळत नेल्या, आणि ते गाळणे कसे केले हे निबंधात लिहून ठेवले.